नाव ओळखीचं, पण दुकान तेच का? ॲप डाउनलोड करण्याआधीचं एक मिनिट

नवा फोन घेऊन माणूस माझ्या काउंटरवर आला की पहिली दहा मिनिटं ठरलेली असतात. सिम घालायचं, भाषा निवडायची, जीमेलचा पासवर्ड आठवेपर्यंत थांबायचं. मग मी विचारते, "ॲप कुठली टाकू?" आणि उत्तर येतं, "नेहमीची टाक की."

नेहमीची म्हणजे कुठली, हे कुणी कामावरून सांगत नाही, नावावरून सांगतं. व्हॉट्सॲप, जीपे, फेसबुक. नाव आठवलं नाही तर खूण सांगतात. "ते नाही का, मॅचच्या मधे लागतं." "जांभळ्या रंगाचं असतं ते." "वाण्याकडे पैसे आले की ज्याचा आवाज येतो ते." नारायण पेठेत माझं आणि माझ्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, सुटे भाग तपकीर गल्लीतून आणतो, आणि गेली चौदा वर्षं मी हेच ऐकते आहे. "बिल भरायला दोन-तीन ॲप दाखव, त्यातलं चांगलं घेऊ," असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून माझ्याकडे आलेलं नाही. साडी घ्यायला लक्ष्मी रोडवर चार दुकानं पालथी घालणारी बाई फोनवर मात्र पहिल्या ओळखीच्या चित्रावर अंगठा ठेवते.

यात लोकांचा दोष आहे असं मला वाटत नाही. ओळखीचं नाव धरणं हा माणसाचा स्वभाव आहे आणि बहुतेक वेळा तो कामाला येतो. १९९० साली अमेरिकेत हॉयर आणि ब्राउन या दोन संशोधकांनी पीनट बटरवर एक प्रयोग केला होता. समोर वेगवेगळ्या बरण्या ठेवायच्या आणि लोक कुठली उचलतात ते बघायचं. ज्यांना एक नाव आधीपासून माहीत होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तीच बरणी उचलली. त्या बरणीत मुद्दाम हलका माल भरलेला असतानासुद्धा. शिवाय बाकीच्या बरण्या चाखून बघण्याची तसदी त्यांनी कमी घेतली. मला या प्रयोगातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ओळख झाली की चाखणं बंद होतं. आणि ॲपचं तर असं आहे, की चाखायचं म्हणजे आधी ते घरात घ्यायचं. आत आलं की ते फोटो मागतं, संपर्कांची यादी मागतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं. त्यामुळे जी काही पारख करायची ती दारातच करावी लागते.

पुण्यातल्या माणसाला ही पारख खरं तर चांगली येते. "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी आपण लहानपणापासून वाचतो. एकाच नावाची तीन दुकानं दिसली की आपण विचारतो, मूळ दुकान कुठलं? कुठल्या गल्लीतलं? हाच प्रश्न फोनवर विचारायचा. तो विचारायचा कसा, ते सांगते.

यादी उघडली की

मागच्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एक काकू आल्या. "पीएमटीचं ॲप टाकून दे गं, त्यावर तिकीट निघतं म्हणे." पीएमटी हे नाव कागदोपत्री २००७ सालीच संपलं. पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली. पण आपल्या तोंडात अजून पीएमटीच आहे. माणसाच्या तोंडातलं नाव आणि दुकानातलं नाव वेगळं असलं की मधल्या फटीत दुसरं कुणीतरी येऊन बसतं.

मी फोन काकूंच्याच हातात ठेवला. म्हटलं, तुम्ही शोधा, मी बघते. त्यांनी पीएमटी लिहिलं. यादी आली. बसचं चित्र असलेली बरीच ॲप होती, खासगी लोकांनी केलेली, बसच्या वेळा दाखवणारी. काकूंचा अंगठा लाल बसच्या चित्राकडे निघाला.

"थांबा. चित्र बघू नका. नावाच्या खालची बारीक ओळ वाचा."

त्यांनी पर्समधून चष्मा काढला, फोन जवळ धरला आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. "हे कुणाचं तरी वेगळंच नाव आहे. पीएमटीचं नाही हे."

ती बारीक ओळ म्हणजे ॲप करणाऱ्याचं नाव. दुकानाच्या पाटीवर खाली मालकाचं नाव असतं तसं. आपल्याला हवं होतं ते 'आपली पीएमपीएमएल', २०२४ मध्ये आलेलं. ते शोधून, खालचं नाव वाचून, मगच काकूंनी बटण दाबलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. पुढच्या वेळी एक लागेल.

यादीतली दुसरी गोष्ट, सगळ्यात वरची जागा. वर दिसतं ते चांगलं, असं आपण धरून चालतो. ती जागा पैसे देऊन मिळते. तिथे 'स्पॉन्सर्ड' असं बारीक लिहिलेलं असतं, आयफोनवर 'ॲड' असं. तुम्ही एका कंपनीचं नाव शोधलंत तरी वर दुसऱ्याच कंपनीची जाहिरात बसू शकते, कारण दुसऱ्याच्या नावावर जाहिरात लावता येते. म्हणजे नाव एकाने कमवायचं आणि दारात उभं दुसऱ्याने राहायचं. म्हणून माझा नियम असा आहे: वरची जाहिरात सोडून खाली यायचं, मग वाचायला लागायचं. जाहिरातीतलं ॲप चांगलं असेलही, पण ज्याचं नाव घेऊन तुम्ही आलात त्याला आधी भेटा.

आता बारीक ओळ वाचली की काम झालं का? बहुतेक वेळा हो. पण २०१७ च्या नोव्हेंबरात काय झालं ते सांगते. प्ले स्टोअरवर 'अपडेट व्हॉट्सॲप मेसेंजर' या नावाचं खोटं ॲप आलं. चित्र व्हॉट्सॲपचं. करणाऱ्याचं नावही 'व्हॉट्सॲप इन्क.' असंच. फरक एवढाच, की खोट्याच्या नावात शेवटी एक मोकळी जागा होती, डोळ्यांना न दिसणारी. मशीनच्या दृष्टीने ते वेगळं नाव, माणसाच्या दृष्टीने तेच. ते काढून टाकेपर्यंत १० लाखांवर लोकांनी ते घेतलं होतं. हे लोक बेसावध होते असं मी म्हणणार नाही, त्यातल्या काहींनी ओळ वाचलीही असेल. म्हणून आणखी एक पायरी लागते.

ॲपच्या पानावर 'अबाउट धिस ॲप' असं लिहिलेलं असतं, मराठी फोनमध्ये 'या ॲपविषयी'. ते उघडून अगदी तळाशी जा. तिथे दोन गोष्टी सापडतात: हे कुणी दिलं आहे, आणि ते पहिल्यांदा कधी बाजारात आलं. ही तारीख मला सगळ्यात उपयोगी वाटते. शंभर वर्षं जुन्या बँकेचं ॲप गेल्या महिन्यात जन्माला आलेलं असेल आणि चार-पाच हजार लोकांनीच घेतलेलं असेल, तर काहीतरी गडबड आहे. चित्र चोरता येतं, नाव चोरता येतं, वय चोरणं तितकं सोपं नसतं. शिवाय त्याच पानावर करणाऱ्याचं संकेतस्थळ आणि ईमेल असतो. बँकेच्या ॲपखाली कुणाचा तरी साधा जीमेल दिसला तर मी पुढे जात नाही.

डाउनलोडचा आकडा बघायचा का? बघा, पण त्यावर विसंबू नका. तो आकडा एवढंच सांगतो की इतक्या लोकांनी बटण दाबलं. टॉर्चचं एक ॲप होतं, 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट'. कोट्यवधी लोकांनी घेतलेलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्यावर कारवाई केली, कारण ते लोकांचं ठिकाण गुपचूप जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. दिवा लावायला तुम्ही कुठे उभे आहात हे कशाला कळायला हवं? आता प्ले स्टोअरवर 'डेटा सेफ्टी' नावाचा भाग असतो, २०२२ पासून. तिथे ॲप काय गोळा करतं आणि कुणाला देतं ते लिहिलेलं असतं. ते करणाऱ्याने स्वतःच लिहिलेलं असतं हे खरं, पण त्याने कबूल केलेलंच कधी कधी पुरेसं असतं. कॅल्क्युलेटर जर संपर्कांची यादी मागत असेल तर आणखी पुरावा कशाला?

मतं वाचताना पाच ताऱ्यांची वाचू नका. 'छान', 'नाइस', 'बेस्ट' यातून काही कळत नाही. 'नवीनतम' असं लावा आणि एक तारा, तीन तारे वाचा. एक ताऱ्याच्या मतांत पैसे कापल्याच्या तक्रारी एकामागोमाग एक दिसल्या तर तिथेच परत फिरा.

माझी चूक

हे सगळं मी आज सांगते, पण तीन वर्षांपूर्वी मीच चुकले. एक निवृत्त शिक्षक नेहमी येतात माझ्याकडे. पेन्शनचे कागद पाठवायचे होते, म्हणाले, "कागद स्कॅन करायचं काहीतरी टाकून दे." मी 'स्कॅनर' लिहिलं. यादीत एक चित्र दिसलं, व्हिडिओंच्या मधल्या जाहिरातीत मी ते पन्नास वेळा बघितलेलं होतं. हात आपोआप तिथे गेला. नाव कुणाचं, पैसे किती, काही बघितलं नाही. गर्दीची वेळ होती, पण गर्दी नसती तरी मी बघितलं नसतं. ओळखीचं होतं ना.

उघडल्यावर 'तीन दिवस मोफत' असं आलं. सरांनी 'हो' दाबलं. चौथ्या दिवसापासून दर आठवड्याला तीनशेच्या आसपास रुपये कापायला लागले. दीड महिन्याने सर पासबुक घेऊन आले. ओरडले नाहीत. पासबुक काउंटरवर ठेवलं, पेन्सिलीने खुणा केलेल्या सहा ओळी दाखवल्या आणि म्हणाले, "हे काय आहे बेटा, मला समजत नाही." मी अर्धे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, मी एका चित्रावर, आणि त्या चित्राची माझी ओळख फक्त जाहिरातीतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, अशी बरीच आहेत. जी गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते ती आपल्याला नकळत आवडायला लागते, हे झायॉन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच दाखवलेलं आहे. जाहिरातवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. पन्नासाव्या वेळी ती जाहिरात म्हणून दिसत नाही, शेजारीण म्हणून दिसते.

असं झालं तर काय करायचं, ते नीट लक्षात ठेवा, कारण इथे बहुतेक जण चुकतात. ॲप काढून टाकलं म्हणजे पैसे कापणं थांबत नाही. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर दाबा, 'पेमेंट्स आणि सदस्यत्वे' मध्ये जा, सदस्यत्वांची यादी उघडा आणि तिथून रद्द करा. आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर दाबलं की 'सबस्क्रिप्शन्स' सापडतं. यूपीआयवरून ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, लावलेलं असेल तर ज्या ॲपमधून लावलं त्यात जाऊन 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' बघा. पैसे नुकतेच गेले असतील तर परत मागा. प्ले स्टोअरवर पहिल्या ४८ तासांत मागितलेले पैसे मिळण्याची शक्यता चांगली असते, म्हणून दीड महिना थांबू नका.

आणि सरांना त्या ॲपची गरजच नव्हती. गूगल ड्राइव्हमध्ये अधिकचं चिन्ह दाबलं की स्कॅन करता येतं. आयफोनच्या नोट्समध्येही येतं. टॉर्च फोनमध्येच असतो. अशा बारक्या कामांसाठी शोधायला जाण्याआधी फोनमध्ये ते आहे का ते बघा, किंवा मला विचारा, मी त्याचे पैसे घेत नाही.

नाव कुठे धरायचं, कुठे सोडायचं

सगळीकडे नावावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. कामाप्रमाणे बदलतं.

गप्पांच्या ॲपमध्ये नावाला खरा अर्थ आहे, कारण तुमची बहीण, तुमची सोसायटी, मुलाच्या शाळेचा गट जिथे आहे तिथेच तुम्हाला जावं लागतं. २०२५ च्या सप्टेंबरअखेर झोहो या भारतीय कंपनीचं 'अरट्टाई' एकदम गाजलं. अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. ते आलं होतं २०२१ मध्येच, पण नाव कानावर पडलं तेव्हा लोक धावले. माझ्या दुकानात त्या आठवड्यात रोज कुणीतरी ते टाकून मागत होतं. मीही टाकलं, चांगलं चालतं. पण ज्यांच्या घरचे आले नाहीत, ते परत फिरले. नाव माणसाला दारापर्यंत आणतं, बसवून घेतात ती आतली माणसं. नवं देशी नाव ऐकलं तर जरूर बघा, फक्त तीच बारीक ओळ वाचून. २०२० मध्ये चिनी ॲपवर बंदी आली त्या सुमारास 'मित्रों' नावाचं छोट्या व्हिडिओंचं ॲप ५० लाख लोकांनी घेतलं. देशी म्हणून घेतलं, आणि त्याचा तयार कोड पाकिस्तानातल्या एका कंपनीकडून विकत घेतलेला निघाला.

पैसे पाठवण्याच्या बाबतीत नावाचा गोंधळ मला रोज दिसतो. मंडईत भाजीवाल्याकडे एका कंपनीचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि बाई म्हणते, "माझ्याकडे ते ॲप नाही." अहो, तो कोड यूपीआयचा आहे. यूपीआय चालवतं एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, २०१६ पासून, आणि कुठल्याही यूपीआय ॲपने कुठलाही यूपीआय कोड वाचता येतो. आपण 'जीपे करते' म्हणतो आणि पाठवतो दुसऱ्याच ॲपवरून. पाटीवर नाव कुणाचंही असो, पैसे जातात त्याच रस्त्याने. त्यामुळे चार-चार ॲप ठेवायची गरज नाही. एक ठेवा, जे तुम्हाला वापरायला सोपं वाटतं आणि जे कर्ज, सोनं, विमा विकायला सारखं मधे येत नाही. गूगल पे स्वतः २०१७ मध्ये 'तेज' नावाने आलं होतं, वर्षभरात नाव बदललं. एवढ्या मोठ्या कंपनीला आपलंच जुनं, ओळखीचं नाव पुढे करावंसं वाटलं, यातच नावाची किंमत कळते.

बँक आणि सरकारी काम असेल तर तुलना करायचीच नाही, फक्त अस्सल शोधायचं. ३० डिसेंबर २०१६ ला यूपीआयने पैसे पाठवायचं भीम ॲप आलं आणि लगेच त्याच्या नावाशी मिळतीजुळती ॲप स्टोअरवर दिसायला लागली. इथे सोपा मार्ग असा, की स्टोअरमध्ये शोधूच नका. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा, तिथून ॲपची लिंक घ्या. बँकांनी आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर आणावेत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत. म्हणजे बँकेच्या संकेतस्थळाचा शेवटही आता वाचण्यासारखा झाला आहे. आधारचं ॲप असेल तर खाली यूआयडीएआयचं पूर्ण नाव हवं, 'युनिक आयडेंटिफिकेशन अथॉरिटी ऑफ इंडिया'. विजेचं असेल तर महावितरणचं.

कर्जाच्या ॲपबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण या बाबतीत मी माणसं रडताना बघितली आहेत. मोठ्या वित्त कंपनीच्या नावात एखादा शब्द मागेपुढे जोडायचा आणि ॲप काढायचं, हा धंदा चालतो. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला अँड्रॉइडवर कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप सापडली, त्यातली ६०० च्या आसपास बेकायदा होती. एक मुलगा आला होता, स्विगीसारख्या कामावर असलेला, गाडी दुरुस्त करायला पाच हजार घेतले होते त्याने. हप्ता चुकला आणि त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना मेसेज गेले, त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनासुद्धा. संपर्कांची परवानगी त्यानेच दिली होती, कारण नाव ऐकलेलं वाटलं. 'ऐकलेलं वाटलं' हे त्याचेच शब्द. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने तिच्या नियंत्रणाखाली असलेल्या संस्थांच्या कर्जाच्या ॲपची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. कर्ज घ्यायचंच असेल तर आधी ती यादी बघा. त्यात नाव नसेल तर ते ॲप टीव्हीवर येत असलं तरी नको, मित्राने घेतलं असलं तरी नको. आणि यादीतलं असलं तरी संपर्क आणि फोटो मागायला लागलं तर नाही म्हणा.

उलट बाजूही सांगते. काही चांगली ॲप माहीतच नसतात म्हणून कुणी मागत नाही. व्हिडिओ बघायला व्हीएलसी घ्या, केशरी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेलं. पॅरिसची ना-नफा संस्था ते चालवते, फुकट आहे, जाहिरात नाही. माझ्याकडे ते आजवर कुणी नाव घेऊन मागितलेलं नाही. मी टाकून देते, मग लोक म्हणतात, "हे मधे थांबत कसं नाही?"

फोनमध्ये कंपनीनेच बसवून दिलेली ॲप हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगते. ती आपण निवडलेली नसतात, पण रोज दिसतात म्हणून ओळखीची होतात आणि मग तीच वापरली जातात. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, त्यात आपली ॲप फोनमध्ये सक्तीने बसवून देण्याचा मुद्दाही होता. काही फोनमध्ये पहिल्यांदा चालू करताना शिफारस केलेल्या ॲपची यादी येते आणि सगळ्यांवर आधीच टिक असते. घाईत 'पुढे' दाबू नका, टिका काढा. आत शिरलेलं नको असेल तर चित्रावर बोट दाबून धरा, 'ॲप माहिती' उघडा आणि काढून टाका. निघत नसेल तर निदान 'बंद करा'.

नाव खरं, मागणारा खोटा

आतापर्यंत सांगितलं ते स्टोअरमधलं. पण सध्या माझ्याकडे जे बिघडलेले फोन येतात ते बरेचदा स्टोअरच्या बाहेरून बिघडलेले असतात. व्हॉट्सॲपवर फाइल येते, 'आरटीओ चलान' नावाची, किंवा लग्नाची पत्रिका, किंवा पीएम किसानची यादी. शेवटी एपीके असं लिहिलेलं, म्हणजे ती स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये बसणाऱ्या ॲपची फाइल. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला चलान हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो आणि बोट पडतं. आरटीओ हेसुद्धा एक नावच आहे, सगळ्यात ओळखीचं. पण सरकार असं ॲप व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. चलान बघायचं असेल तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघा. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इंस्टॉल करणे' शोधा आणि व्हॉट्सॲपपुढची परवानगी बंद आहे ना ते आत्ताच बघून घ्या.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. फोन येतो, "आज रात्री वीज तोडणार आहोत, हे ॲप घ्या, मी मदत करतो." आणि ते ॲप अगदी अस्सल असतं, दुसऱ्याचा फोन दुरून बघण्याचं. कंपन्यांचे आयटीवाले ते रोज वापरतात. एनीडेस्कसारख्या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. इथे बारीक ओळ वाचून उपयोग नाही, ती बरोबरच असते. इथे बघायचं ते एवढंच, की हे ॲप मी शोधलं की मला कुणी फोनवर सांगितलं? फोनवरच्या माणसाने सांगितलेलं कुठलंही ॲप, कितीही नावाजलेलं असलं तरी, त्या फोनवर असताना घ्यायचं नाही.

आणि घेतलं गेलंच तर असं करा. आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० लावा, सायबर फसवणुकीचा हा क्रमांक आहे, आणि पैसे गेल्यावर जितक्या लवकर लावाल तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. मग पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवा. इंटरनेटवर बँकेचा नंबर शोधू नका, तिथेही पहिली जागा कुणीतरी विकत घेतलेली असू शकते. आलेला मेसेज, ती फाइल, समोरच्याचा नंबर, यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. तक्रारीला ते लागतात, आणि लोक घाबरून आधी तेच पुसून टाकतात. एवढं झालं की फोन माझ्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे आणा. बंद करून आणला तरी चालेल, पण त्यातलं काही काढून टाकून आणू नका.